क्लॉक जीन आणि आतड्याचा कॅन्सर यावर डिझर्टेशन घेताय? आधी सॅम्पल किती वाजताचं ते विचारा

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी मला एकच प्रश्न विचारला होता. माझ्या थिसिसचा मोठा भाग 'कोलन ट्यूमरमध्ये पर-२ कमी दिसतो' (कोलन म्हणजे मोठं आतडं, आणि पर-२ म्हणजे शरीराचं २४ तासांचं घड्याळ चालवणाऱ्या 'क्लॉक जीन'पैकी एक) यावर उभा, बार ग्राफ मस्त, वर तीन तीन स्टार लावलेले, आणि सरांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "ही सॅम्पल्स किती वाजताची?" मी म्हटलं सर, डेटाबेसमधली आहेत. तर म्हणाले, "मग डेटाबेसकडे घड्याळ नव्हतं का?" बस्स. पुढची दहा मिनिटं मी काय बोलत होते ते मला आजही आठवत नाही, मार्क मिळाले पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

आता दरवर्षी चौथं सेम सुरू झालं की ज्युनियर्सचे मेसेज येतात, ताई क्लॉक जीन आणि कोलोरेक्टल कॅन्सर असा टॉपिक मिळालाय, कुठून सुरू करू. प्रत्येकाला वेगळं टाईप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं इथे लिहितेय. एमएस्सी लेव्हलच्या, चार-पाच महिने आणि थोडकं बजेट हातात असलेल्या मुलामुलींसाठी आहे हे, पीएचडीवाल्यांनी उगाच चुका काढू नका.

आधी घड्याळ कसं चालतं ते नीट बसवून घ्या

इतिहास दोन ओळींत उरका, इंट्रोडक्शनची चार पानं त्यात घालवू नका. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेन्झर यांना फळमाशीत 'पिरियड' जीनचे म्युटंट सापडले, पुढे हॉल, रॉसबॅश आणि यंग यांनी त्याची यंत्रणा उलगडली, २०१७ चं नोबेल त्यांना मिळालं. झालं.

यंत्रणा मात्र कागदावर स्वतःच्या हाताने काढा, कॉपी-पेस्ट डायग्राम नको, कारण व्हायवात फळ्यावर काढायला लावतातच. बीमॅल-१ आणि क्लॉक ही प्रोटीनची जोडी. ती डीएनएवर सीएसीजीटीजी अशा अक्षरांच्या जागी, म्हणजे ई-बॉक्सवर बसते आणि पर-१, २, ३ आणि क्राय-१, २ हे जीन चालू करते. पर आणि क्राय तयार होतात, साचतात, एकमेकांना धरून परत न्यूक्लियसमध्ये शिरतात आणि ज्यांनी आपल्याला चालू केलं त्यांचंच शटर खाली ओढतात. मग केसीन कायनेझ वगैरे एन्झाइम मंडळी परला खुणा करतात, तो तुटतो, शटर परत वर. ही फेरी पूर्ण व्हायला साधारण २४ तास लागतात. शेजारी दुसरी फेरी आहे, रेव्ह-अर्ब अल्फा नावाचं प्रोटीन बीमॅल-१ ला दाबतं आणि रॉर नावाचं त्याला उचलतं. यातून एक गोष्ट लक्षात ठेवा जी पुढे खूप कामाला येणार आहे: बीमॅल-१ वर असतो तेव्हा पर-२, रेव्ह-अर्ब, डीबीपी (हा पण क्लॉकच्या हाताखालचा जीन) हे खाली असतात आणि उलट. घर आणि पाळणाघर एकाच वेळी कधी भरलेलं नसतं, तसंच.

मेंदूतलं मुख्य घड्याळ साधारण वीस हजार न्यूरॉन्सचं आहे आणि ते उजेडावर जुळतं, पण आतड्याच्या पेशींचं स्वतःचं घड्याळ असतं आणि ते जेवणाच्या वेळेवर बरंच ऐकतं. हे पण लक्षात ठेवा, याच्यामुळे पुढे गोची होते.

मग यात कॅन्सर कुठून आला? आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं, एवढं पेशीविभाजन शरीरात फार कमी ठिकाणी चालतं, आणि विभाजनाची वेळ ठरवणारे काही जीन, उदाहरणार्थ वी-१, क्लॉकच्या हाताखाली चालतात. दुसरा धागा डब्ल्यूएनटी आणि बीटा-कॅटेनिनचा, म्हणजे पेशीला 'वाढ' म्हणून सांगणाऱ्या सिग्नलचा. आतड्याच्या बहुतेक कॅन्सरमध्ये एपीसी हा ब्रेक आधी तुटलेला असतो, मग बीटा-कॅटेनिन साचतो, सी-मिक वाढतो, पेशी थांबायचं नाव घेत नाही. २००८ मध्ये दाखवलं गेलं की एपीसी-मिन उंदरात (ज्याची एपीसीची एक कॉपी जन्मतःच बिघडलेली असते) पर-२ पण बिघडवला तर पॉलिप वाढतात, आणि माणसाच्या कोलन कॅन्सर सेल्समध्ये पर-२ कमी केला की बीटा-कॅटेनिन चढतो. मग २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात अर्व्हाईनच्या सेल्मा मसरी यांच्या लॅबचं काम आलं, मला ते सगळ्यात आवडतं. एपीसीची एक कॉपी आधीच गेलेल्या उंदरात आतड्यातून बीमॅल-१ काढला, तर उरलेली चांगली कॉपी पण गमवायचं प्रमाण वाढलं. म्हणजे गाडीला दोन ब्रेक, एक आधीच निकामी, आणि घड्याळ बिघडलं की दुसरा निकामी व्हायचा चान्स वाढतो. हे चित्र डोक्यात बसलं की बाकीचे पेपर पटापट वाचून होतात.

'कमी झाला' असं लिहायच्या आधी हे गणित करा

इथे मी फसले होते म्हणून जरा सावकाश सांगते.

समजा नॉर्मल अस्तरात एखादा क्लॉक जीन सकाळी ८ ला सगळ्यात वर, १० युनिट, आणि रात्री ८ ला सगळ्यात खाली, २ युनिट. मधे लाटेसारखा वर-खाली होतो. आकडे मी सोयीसाठी घेतलेत. आता ट्यूमरमध्ये घड्याळ अगदी तेवढ्याच जोरात चालतंय, काहीच कमी झालेलं नाही, फक्त ६ तास मागे पडलंय, म्हणजे त्याचं शिखर दुपारी २ ला. ट्यूमर आणि शेजारचं नॉर्मल असं दोन्ही सॅम्पल सकाळी ८ ला काढलं तर नॉर्मल १०, ट्यूमर ६, तुम्ही लिहिणार जीन दबला. तेच दुपारी २ ला काढलं तर नॉर्मल ६, ट्यूमर १०, तुम्ही लिहिणार जीन वाढला. आणि सकाळी ११ ला काढलं तर दोन्ही सारखे, तुम्ही लिहिणार फरक नाही. पेशंट तोच, ट्यूमर तोच, आणि पेपर तीन वेगवेगळे.

म्हणून प्रश्न घेतानाच ठरवा की तुम्हाला नक्की काय म्हणायचंय, सरासरी पातळी खाली आलीये, की लाटेची उंची कमी झालीये, की लाट उशिरा येतेय, की लाटच नाही. एका वेळेच्या एका सॅम्पलवरून या चारातलं काहीच ठामपणे सांगता येत नाही. शेजारचं नॉर्मल त्याच क्षणी घेतलंय हा चांगला आधार आहे, निदान वेळ तरी दोघांची सारखी, पण वरचं उदाहरण त्याच जोडीचं आहे हे विसरू नका.

आणि ऑपरेशनचं सॅम्पल म्हटलं की आदल्या दिवसापासून पोट साफ करायची औषधं, रात्रीपासून उपाशी, भूल, रक्तपुरवठा बांधल्यापासून टिश्यू नायट्रोजनमध्ये जाईपर्यंतचा वेळ. आतड्याचं घड्याळ जेवणावर जुळतं म्हटलं ना मगाशी, मग उपाशी माणसाच्या आतड्यातलं घड्याळ तुम्ही 'नॉर्मल' म्हणताय. याला इलाज नाही, पण लिमिटेशनमध्ये लिहायला पाहिजे, बहुतेक जण लिहीतच नाहीत. हॉस्पिटलमधून ताजी सॅम्पल्स मिळणार असतील तर तुमचं नशीब जोरात आहे, एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्येच 'सॅम्पल काढल्याची वेळ' हा रकाना टाकून घ्या, नंतर ओटीच्या रजिस्टरमधून शोधत बसलात तर सिस्टर लोक हाकलून देतात, अनुभव आहे.

लॅब नाही, फक्त लॅपटॉप आहे: डेटावरचं प्रोजेक्ट

बहुतेकांचं हेच असतं. टीसीजीए या कॅन्सरच्या मोठ्या डेटाबेसमध्ये कोलन आणि रेक्टम (गुदाशय) मिळून सहाशेच्या वर पेशंट आहेत, डेटा फुकट आहे. पण नॉर्मल सॅम्पल्स फारच कमी, कोलनची चाळीसच्या आसपास, रेक्टमची दहाच्या आसपास. आणि सॅम्पल काढल्याची वेळ त्यात नाही.

सगळ्यात मोठा मोह म्हणजे वेबसाईटवर जीनचं नाव टाकून बटण दाबायचं आणि बॉक्स प्लॉट घ्यायचा. जेपिया (अशीच एक वेबसाईट) वापरणाऱ्यांनो, हे वाचाच. तिथे टीसीजीएच्या नॉर्मलबरोबर जीटेक्सचे नॉर्मल पण मिसळलेले असतात. जीटेक्स म्हणजे मृत्यूनंतर दान मिळालेलं टिश्यू. ट्यूमर काढला सर्जनने, ओटीच्या वेळेत, आणि नॉर्मल आलंय अशा माणसाचं जो रात्री तीनला पण गेला असेल. शिवाय जीटेक्सचा सिग्मॉइड कोलन (मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा भाग) हा मुख्यतः स्नायूचा थर आहे, आतलं अस्तर नाही. म्हणजे तुम्ही अस्तरापासून निघालेला ट्यूमर स्नायूशी ताडून बघताय आणि म्हणताय क्लॉक जीन बदलला. बदलणारच ना, भाकरी आणि तव्याची तुलना केल्यावर.

मग करायचं काय? वेळ माहीत नसताना पण विचारता येईल असा प्रश्न आहे. मगाशी म्हटलं की बीमॅल-१ वर असतो तेव्हा रेव्ह-अर्ब, पर, डीबीपी खाली असतात. आता पन्नास लोकांचं नॉर्मल टिश्यू घेतलं, प्रत्येकाची वेळ वेगळी आणि आपल्याला माहीत नाही, तरी ज्यांच्यात बीमॅल-१ वर त्यांच्यात डीबीपी खाली असं नातं दिसायला हवं. घड्याळ शाबूत असेल तर जीन-जीनमधली ही नाती शाबूत असतात. ट्यूमरमध्ये ती नाती सैल झाली असतील तर काहीतरी बिघडलंय असं म्हणायला जागा आहे. शिल्ट्स, चेन आणि ह्यूई यांनी २०१८ मध्ये यावरच पद्धत काढली, क्लॉक कोरिलेशन डिस्टन्स नावाची, बारा जीनची: बीमॅल-१, क्लॉक, एनपास-२, क्राय-१, २, पर-१, २, ३, रेव्ह-अर्ब अल्फा आणि बीटा, डीबीपी, टेफ. बऱ्याच कॅन्सरमध्ये ही नाती ढिली झालेली त्यांना दिसली.

करायला सोपं आहे. ट्यूमर आणि नॉर्मल वेगळे ठेवा, टीपीएम (जीन किती चालू आहे त्याचा आकडा) घ्या, लॉग घ्या, बारा जीनचं स्पिअरमन कोरिलेशन काढा, दोन हीटमॅप शेजारी शेजारी लावा. मग लेबलं हजार वेळा पिसून बघा की एवढा फरक योगायोगाने पण येतो का. ट्यूमर पाचशे आणि नॉर्मल चाळीस असेल तर ट्यूमरमधून पण चाळीस चाळीस उचलून परत परत करून बघा, नाहीतर सॅम्पल साईझचाच खेळ होतो. पहिल्यांदा नॉर्मलच्या हीटमॅपमध्ये लाल आणि निळे चौकोन दोन टोळ्यांसारखे वेगळे झालेले दिसले ना, मी रूममेटला झोपेतून उठवून दाखवलं होतं. तिने बघितलं, म्हणाली रांगोळी छान आहे, आणि परत झोपली.

मात्र नाती सैल दिसली म्हणजे प्रत्येक पेशीतलं घड्याळ बंद पडलं असं होत नाही. ट्यूमरमध्ये फायब्रोब्लास्ट असतात, इम्यून सेल्स असतात, त्यांची आपापली घड्याळं, आणि ट्यूमरमधल्या पेशी एकमेकींशी न जुळता चालत असतील तरी बाहेरून सपाटच दिसतं. निष्कर्षात हे लिहा.

सायक्लॉप्स म्हणून अजून एक पद्धत आहे, २०१७ ची, ती सॅम्पल्सना आपोआप वेळेच्या क्रमात लावते. पण तिला शेकडो सॅम्पल लागतात, चाळीस नॉर्मलवर चालवून गोल गोल सुंदर प्लॉट काढू नका, येतो तो, पण त्याला अर्थ नसतो.

दोन बारीक गोष्टी ज्यात माझे चार दिवस गेले. बीमॅल-१ चं ऑफिशियल नाव बरीच वर्षं एआरएनटीएल होतं, जुन्या फाईलीत तेच आहे, बीमॅल-१ शोधलात तर 'जीन सापडला नाही' येईल आणि तुम्हाला वाटेल डेटा खराब. तसंच रेव्ह-अर्ब अल्फा म्हणजे एनआर१डी१. आणि डेक-१ नावाचा क्लॉक जीन आहे, त्याला बीएचएलएचई४० म्हणतात, पण कोणी जुनं नाव टाकून एक्सेलमध्ये फाईल उघडली की एक्सेल त्याची १ डिसेंबर ही तारीख करून टाकतं. घड्याळाच्या जीनचं कॅलेंडर झालं! हसू नका, सेव्ह केलं की परत येत नाही. फाईल थेट आरमध्ये (स्टॅटिस्टिक्सची प्रोग्रामिंग भाषा) उघडा.

सर्व्हायव्हल कर्व्ह काढायची फार हौस असते सगळ्यांना. काढा, पण 'बेस्ट कटऑफ'वाला पर्याय वापरू नका, तो पी व्हॅल्यू चांगली येईपर्यंत रेघ सरकवतो. मीडियनवर कापा, स्टेज धरा, बाई-पुरुष वेगळे करून बघा (का ते खाली येतंय), उजवा कोलन आणि डावा कोलन वेगळे बघा.

सेल्स मिळत असतील तर: रात्र न जागता टाईम-कोर्स

पुण्यातल्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) रिपॉझिटरीतून सेल लाईन, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी, मागवता येतात, आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांची हीच सोय. या टॉपिकसाठी माझी आवडती जोडी एसडब्ल्यू४८० आणि एसडब्ल्यू६२०. दोन्ही एकाच पेशंटच्या, पहिली मूळ ट्यूमरची आणि दुसरी लिम्फ नोडमध्ये पसरलेल्याची, आणि पहिलीचं घड्याळ दुसरीपेक्षा ठीक चालतं असं प्रसिद्ध झालेलं आहे. म्हणजे तुमच्याकडे आधीच एक अपेक्षा आहे, ती जुळते का बघायचं. या दोघींना एल-१५ मीडिया सांगितलेला असतो, तो सीओटू शिवाय वापरायचा असतो, नेहमीच्या सीओटू इनक्युबेटरमध्ये ठेवलात तर पिवळा पडतो आणि तुम्ही कंटॅमिनेशन समजून रडत बसता.

प्लेटमधल्या सेल्सची घड्याळं चालू असतात पण प्रत्येकीची वेळ वेगळी, त्यामुळे आधी सगळ्यांचे काटे एकत्र आणायचे. १९९८ मध्ये शिबलर यांच्या जिनिव्हातल्या लॅबने ५० टक्के घोड्याच्या सीरमचा दोन तासांचा झटका देऊन हे करून दाखवलं. आता बहुतेक जण डेक्सामेथासोन १०० नॅनोमोलर देतात, तासभर, मग मीडिया बदलायचा. तुमच्या सेल्समध्ये ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर कमी असेल तर डेक्साने काही हलत नाही, तेव्हा फॉर्स्कोलिन किंवा सीरम वापरून बघा. आधी छोटा ट्रायल करा, थेट पन्नास डिशवर उडी नको.

पहिले १२ तास मोजायचे नाहीत. डेक्साने पर-१ लगेच उसळतो, तो धक्क्याचा परिणाम असतो, घड्याळाचा नसतो.

आता वेळापत्रक. दर ४ तासांनी, किमान दोन फेऱ्या, म्हणजे १२ ते ६० तास. सरळ केलं तर दोन रात्री लॅबमध्ये, आणि मुलींना होस्टेलचं गेट, मुलांना पण काही मजा नाही. युक्ती अशी की दोन बॅच करा. ए बॅचला सोमवारी सकाळी ८ ला डेक्सा, बी बॅचला सोमवारी रात्री ८ ला. मंगळवारी सकाळी ८, दुपारी १२, ४ आणि रात्री ८ ला दोन्ही बॅचमधून काढा. ए मधून मिळतात २४, २८, ३२, ३६ तास आणि बी मधून १२, १६, २०, २४. बुधवारी त्याच चार वेळांना परत काढा, ए मधून ४८, ५२, ५६, ६० आणि बी मधून ३६, ४०, ४४, ४८. सगळे मिळून १२ पासून ६० पर्यंत एकही खाच नाही, आणि रात्री घरी झोपलात. वर बोनस म्हणजे २४, ३६ आणि ४८ तास दोन्ही बॅचमध्ये आलेत, ते एकमेकांशी जुळले तर बॅच नीट आहेत, नाही जुळले तर तिथेच थांबा आणि कारण शोधा. प्रत्येक वेळी तीन डिश धरल्या तर एका सेल लाईनला ४८ डिश, शिवाय डेक्सा न दिलेल्या कंट्रोलच्या वेगळ्या.

डिश म्हणाले, सहा-वेलची प्लेट नाही म्हणाले. पहिल्यांदा मी सगळे टाईम पॉईंट एकाच प्लेटमध्ये लावले होते आणि दर ४ तासांनी ती प्लेट बाहेर काढून एक वेल काढून परत आत. बाहेर २५ डिग्री, आत ३७. तापमान बदललं की घड्याळ हलतं, म्हणजे मी दर ४ तासांनी सगळ्यांचे काटे ढकलत होते. त्यात त्या बुधवारी लाईट गेली, जनरेटर चालू व्हायला चाळीस मिनिटं लागली, इनक्युबेटर गार. डेटा असा आला की गाईड मॅडम म्हणाल्या हा ईसीजी आहे का. तेव्हा प्रत्येक वेळेची डिश वेगळी, एकदा बाहेर आली की थेट ट्रायझॉलमध्ये (पेशी फोडून आरएनए टिकवणारं द्रावण), आणि मीडिया मधे बदलायचा नाही, ताजा मीडिया पण घड्याळाला धक्का देतो. मेंटेनन्सवाल्या काकांना चहा पाजून लाईट बंद ठेवण्याचा दिवस आधीच विचारून घ्या.

क्यूपीसीआरला (जीन किती चालू आहे ते मोजायची टेस्ट) बीमॅल-१, पर-२ आणि रेव्ह-अर्ब अल्फा एवढे तीन पुरे, बीमॅल-१ उलट्या फेरीत आला की अर्धी लढाई जिंकली. जीएपीडीएचवर डोळे झाकून विश्वास नको, काही टिश्यूंमध्ये तो स्वतःच दिवसभरात हलतो, दोन रेफरन्स जीन घ्या. अॅनालिसिसला आरमधलं मेटासायकल पॅकेज, त्यात जेटीके (डेटात लाट आहे का ते शोधणारी पद्धत) असतं. ४ तासांच्या अंतरावर जेटीके २०, २४ किंवा २८ तास असाच पिरियड (एका फेरीचा वेळ) सांगू शकतं, तेव्हा 'ट्यूमरचा पिरियड २८ झाला' अशी हेडलाईन काढायची घाई करू नका. दुसऱ्या फेरीत लाट बुटकी दिसली तर घाबरू नका, सेल्सचे काटे हळूहळू परत विस्कटतात.

पेपर वाचताना

एक सवय लावून घ्या. पेपर उघडला की आधी मेथड्समध्ये वेळ शोधा. 'सॅम्पल्स अमुक ते अमुक वाजेदरम्यान घेतली' हे वाक्य असेल तर पुढे वाचा, नसेल तर पेन्सिलने कोपऱ्यात प्रश्नचिन्ह. माझ्या ढिगात प्रश्नचिन्हं जास्त होती. पर-१, पर-२, पर-३ ट्यूमरमध्ये कमी असं बऱ्याच पेपरमध्ये आहे आणि ते खरं असेलही, पण कोणी किती वाजता बघितलं हे लावून वाचलं की त्यातले अर्धे अचानक हळू आवाजात बोलायला लागतात.

आणि क्लॉक जीनना 'चांगले' किंवा 'वाईट' अशी लेबलं चिकटवू नका. बीमॅल-१ वाढवला तर कोलन कॅन्सरच्या सेल्सवर ऑक्झॅलिप्लाटिन हे केमोचं औषध जास्त चालतं असं एक काम सांगतं, आणि बीमॅल-१ मुळे व्हेजएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रोटीन) वाढून त्यालाच रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅब या औषधाला दाद मिळत नाही असं दुसरं. सासूबाईंसारखं आहे, कोणत्या घरात विचारताय त्यावर उत्तर.

माझी मावशी नर्स आहे, अठरा वर्षं नाईट. टॉपिक ऐकल्यावर तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे मला होणार का गं?" तुम्हाला पण घरून हा प्रश्न येईल, तेव्हा उत्तर तयार ठेवा. २००३ मध्ये अमेरिकेतल्या नर्सेस हेल्थ स्टडीत दिसलं की महिन्याला तीन किंवा जास्त नाईट, १५ वर्षं किंवा जास्त, अशा नर्सना आतड्याच्या कॅन्सरचा धोका ३५ टक्के जास्त. बातम्यांत हेच फिरतं. पण २०१८ मध्ये त्याच नर्सना अजून जास्त वर्षं बघितल्यावर एकूण आतड्याच्या कॅन्सरशी संबंध उरला नाही, फक्त रेक्टमच्या बाबतीत बरीच वर्षं नाईट केलेल्यांत थोडा इशारा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर एजन्सीने २०१९ मध्ये रात्रपाळीला परत 'बहुधा कॅन्सरकारक' या २ए गटातच ठेवलं, आणि माणसांतला पुरावा मर्यादित आहे असंही म्हटलं. मावशीला मी एवढंच सांगितलं की नोकरी सोडू नकोस, पण शौचाला रक्त पडलं किंवा पोटाची सवय बदलून तीन-चार आठवडे तशीच राहिली तर मूळव्याध समजून घरगुती औषधं करत बसू नकोस, डॉक्टरला दाखव.

डिस्कशनच्या शेवटी केमोची वेळ हा मुद्दा सगळे टाकतात आणि अर्धवट टाकतात. १९९७ मध्ये लेव्ही आणि मंडळींनी पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या १८६ पेशंटवर बघितलं, ५-एफयू या केमोच्या औषधाचा पंप पहाटे ४ ला सगळ्यात जास्त, ऑक्झॅलिप्लाटिन दुपारी ४ ला सगळ्यात जास्त, तर ट्यूमर आकसण्याचं प्रमाण ५१ टक्के, एकसारखा डोस दिलेल्यांत २९. तोंड येण्याचा त्रास १४ टक्के विरुद्ध ७६. इथे लोक थांबतात आणि टाळ्या. पण २००६ ला युरोपात ५६४ पेशंटवर वेळेवरची केमो आणि नेहमीची फॉलफॉक्स (तीच औषधं, वेळ न बघता) अशी मोठी ट्रायल झाली, एकूण आयुष्यात फरक नाही. आणि आत उघडून बघितलं तर पुरुषांना फायदा आणि बायकांना तोटा, दोन्ही मिळून शून्य! म्हणून म्हटलं बाई-पुरुष वेगळे करा. तुमच्या हीटमॅपमध्ये पण हे करून बघा, एक्स्टर्नलला सांगायला काहीतरी स्वतःचं मिळेल.

वही

लॅब नोटबुकमध्ये दोन रकाने ठेवा, एक ठरलेली वेळ आणि एक खरी वेळ. टाईम-कोर्स दुसऱ्या वेळी केला तेव्हा माझ्या वहीत बुधवारच्या १२ च्या समोर १२:२५ लिहिलेलं आहे, आणि पुढे बारीक अक्षरात 'कॅन्टीनला मिसळ उशिरा आली'. थिसिसच्या टेबलमध्ये मी मिसळ गाळली, १२:२५ ठेवलं, आणि अॅनालिसिसला ए बॅचला ५२ च्या जागी ५२.४ आणि बी बॅचला ४०.४ घातलं. जेटीकेला सारखी अंतरं लागतात त्यामुळे तिथे ५२ आणि ४० च जातात, पण कोसाइन लाट बसवताना खरी वेळ घालता येते.